'आउटसायडर' म्हणजे बाहेरचा?

म्हापशाच्या एका चित्रकला शिक्षिकेनं विचारलंय: "मुलांना घेऊन पणजीत एक प्रदर्शन पाहायला गेले होते. माहितीफलकावर मराठीत 'बाहेरील कलाकार' असं लिहिलेलं. खाली इंग्रजीत होतं 'आउटसायडर आर्टिस्ट'. एका मुलानं विचारलं, 'टीचर, म्हणजे दिल्लीवाले?' मराठीत नेमकं काय म्हणावं? हौशी, स्वयंभू, स्वयंशिक्षित, यातलं काही चालेल का?"

मुलाचं काही चुकलं नाही. गोव्यात 'बाहेरचा' हा शब्द आता निरुपद्रवी उरलेला नाही. त्याच्या पाठीमागे कोकणीतला 'भायलो' उभा असतो, आणि भायलो म्हटलं की आपल्याला जमिनींचे व्यवहार आठवतात, परराज्यातल्या गाड्या आठवतात. चित्रं नाही आठवत. तोच फलक सोलापुरात लावला असता तर कदाचित खपून गेला असता.

पण घोळ मूळ शब्दातही आहे. झां द्युब्युफे या फ्रेंच चित्रकारानं १९४५ मध्ये 'आर ब्रूत' ('आर' म्हणजे कला) हे नाव काढलं. मनोरुग्णालयातले रुग्ण, कैदी, एकांडे लोक यांनी कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे, तर केल्यावाचून राहवेना म्हणून केलेलं काम, असा त्याचा रोख. द्युब्युफेचं घराणं वाइनच्या व्यापारातलं, आणि 'ब्रूत' हा शब्द शॅम्पेनच्या बाटलीवरही असतो: वरून अगदी थोडी किंवा अजिबात साखर न घातलेली. याला कुणी कुणी 'कच्ची कला' म्हणतात, ते मला पटत नाही. कच्चं म्हणजे अजून पिकायचं बाकी आहे. उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी होते. इथे पुढची भट्टीच नाही, जे आहे ते पुरतं आहे. अर्थाला सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला सापडला तो 'कोऱ्या चहा'तला कोरा. दूध न घातलेला. पण 'कोरी कला' म्हटलं तर लोक पांढरा कागद समजतील, तेव्हा तोही गेला.

पुढे १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल या ब्रिटिश अभ्यासकानं इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि 'आउटसायडर आर्ट' हे नाव रूढ झालं. फ्रेंच शब्द कामाबद्दल बोलत होता, इंग्रजी शब्द माणूस कुठे उभा आहे ते सांगू लागला. तुमच्या फलकाची अडचण तिथून सुरू होते.

आता तुमचे शब्द. 'हौशी' गोव्यात तरी नको. आपल्याकडे हौशी म्हणजे जत्रेच्या नाटकात उभा राहणारा, महिनाभर तालीम करणारा, ज्याला बघायला अख्खा वाडा येतो असा. हौस चारचौघांत भागवायची असते. आडोल्फ व्योल्फली १८९५ पासून १९३० मध्ये मरेपर्यंत स्वित्झर्लंडमधल्या वाल्डाउ मनोरुग्णालयात होता. चित्रं, मजकूर आणि स्वरलिपी एकात एक गुंफून त्यानं हजारो पानं भरली. त्याला हौशी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

'स्वयंभू' ऐकायला भारदस्त, पण आपल्या देवळांत स्वयंभू लिंग म्हणतात ते टाकी न लागलेलं, कुणी न घडवलेलं. चंदीगडचा नेकचंद घ्या. रस्तेखात्यातली नोकरी सांभाळून हा माणूस सुमारे १८ वर्षं सरकारी राखीव जागेत, कुणाला पत्ता लागू न देता, फुटक्या बांगड्या आणि मोडक्या चिनीमातीच्या तुकड्यांचे पुतळे उभारत होता. १९७६ मध्ये पुतळ्यांची ती बाग लोकांना खुली झाली. त्याला स्वयंभू म्हटलं की ही सगळी हमाली एका शब्दात पुसली जाते. (एकलव्य तर नकोच. त्याला गुरू हवा होता, मातीचा का होईना.)

'स्वयंशिक्षित' चांगला शब्द, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. कसा शिकला, एवढंच तो सांगतो. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा कुठल्या कलाशाळेत शिकले नाहीत, म्हणजे स्वयंशिक्षित नक्कीच; पण त्यांना बाहेरचं कोण म्हणेल? त्यांची चित्रं आपल्या बाजारात, मगांवर आणि टी-शर्टांवर लटकतायत. उलट साळगावचे चित्रकार एफ. एन. सूझा यांना १९४५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलं, तरी भारतीय कलेच्या इतिहासात ते पहिल्या रांगेत. आणि कुंकळ्ळीच्या चिताऱ्याला कृपा करून यांपैकी काहीच म्हणू नका. लाखेचे रंग लाकडावर कसे चढवायचे ते तो घरात शिकला; त्याला स्वयंशिक्षित म्हणणं म्हणजे त्याच्या बापाला विसरणं.

मला विचाराल तर एक जुना शब्द आहे: अपांक्तेय. स्मृतिग्रंथांत तो श्राद्धाच्या पंगतीला बसवू नये अशा ब्राह्मणासाठी येतो, त्यामुळे त्याला सोवळ्याचा वास आहे, हे मान्य. पण पंगत कुणीतरी मांडलेली असते आणि कुणीतरी ठरवून कुणाला उठवतं, हे तो लपवत नाही. 'बाहेरचा' ते लपवतो. आंरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला होता ('दुआनिए', म्हणजे कस्टमवाला, ही बढती त्याला मित्रांनी दिलेली). त्याच्या चित्रांपुढे उभे राहून लोक हसत. आज त्यातली काही पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहेत. रूसो काही जागचा हलला नाही, पंगतीनंच पानं पुन्हा मांडली.

तरीही जिवंत माणसाच्या नावापुढे 'अपांक्तेय' छापू नये. तो शब्द इतिहासाच्या तासाला ठेवा. शैलीबद्दल बोलायचं असेल तेव्हा 'आउटसायडर आर्ट' असंच देवनागरीत लिहावं. इम्प्रेशनिझम आपण पचवलाच की. आणि फलकावर विशेषणाची गरजच काय? "हे कुठल्याही कलाशाळेत शिकलेले नाहीत. चाळीस वर्षं घरातच चित्रं काढत होते." जे खरं असेल ते एवढं लिहिलं असतं, तर तुमच्या मुलानं दिल्लीऐवजी चित्राकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं असतं.