खुष्कीचा मार्ग म्हणजे नक्की कुठला?

प्रश्न असा आलाय की मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात 'खुष्कीचा मार्ग' लिहिलंय, तर त्याचा अर्थ खुशीने जायचा, म्हणजे सोपा रस्ता असा घ्यायचा का. नाही, खुशीचा इथे काहीच संबंध नाही. फारसीत खुश्क म्हणजे कोरडं, हिंदी जाहिरातीत 'खुश्क त्वचा' म्हणतात ना तोच शब्द, आणि त्यावरून खुश्की म्हणजे कोरडेपणा आणि कोरडी जमीन पण. म्हणून जहाज, होडी सोडून जमिनीवरून गेलं की ते खुष्कीने जाणं, मग घोड्यावरून जा, बैलगाडीने जा नाहीतर पायी. याची जोडी 'तरी', म्हणजे पाण्याची वाट, कारण फारसीत तर म्हणजे ओलं. तरबतर मधला तर तोच, आणि आपल्या नाशिकच्या मिसळीवरची तर्री पण त्याच घरातली.

पुस्तकात बहुतेक १४५३ चा संदर्भ असेल, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, युरोपचा आशियाशी खुष्कीने चालणारा व्यापार अडचणीत आला आणि समुद्रातून वाट शोधता शोधता १४९८ ला वास्को द गामा कालिकतला पोचला.

आता वापराचं. माझ्या मते हा शब्द तिथेच शोभतो जिथे पाण्याची वाट पण असते. मुंबईहून अलिबागला जाताना गेटवेवरून लाँच पकडली तर मांडवा, आणि पनवेल-पेण करत गेलो तर खुष्कीने, इथे शब्द एकदम चपखल बसतो. पण 'नाशिकरोडहून त्र्यंबकला खुष्कीने गेलो' म्हटलं तर व्याकरणात चूक नाही तरी ऐकणारा बुचकळ्यात पडेल, की बाबा दुसरं कसं जाणार होतास. सुरत बंदर, म्हणून १६७० ला महाराज सुरतेहून खुष्कीने परतले हे वाक्य बरोबर, आणि खुष्कीने आले म्हणूनच आपल्या वणी-दिंडोरीला मोगलांशी गाठ पडली.

हल्ली पेपरात 'खुष्कीचा मार्ग' शॉर्टकट किंवा मागचं दार अशा अर्थाने वाचायला मिळतो. मला ते पटत नाही, त्यासाठी आडवाट आहे, चोरवाट आहे, पळवाट आहे, एवढे शब्द असताना या बिचाऱ्याचा कोरडेपणा कशाला घालवायचा!

स्पेलिंगचं म्हणाल तर मूळ फारसीत श, मराठीत ष पण रुळलाय, दोन्ही चालतं. आणि शब्द स्त्रीलिंगी, ती खुष्की.