सोसायटीतल्या झाडांची छाटणी केल्यावर निघालेलं लाकूड आपण ठेवून घेऊ शकतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गोविंदनगरमधल्या तुमच्या सोसायटीत रेन ट्री आणि आंबा पावसाळ्याआधी छाटायचा आहे. ठेकेदार म्हणतोय, "छाटणी फुकट, लाकूड आमचं." कमिटीतल्या काहींना त्या लाकडाचे बाक करायचेत, पण कायद्याची भीती वाटते.

मीही नाशिककर, आमच्या सोसायटीची झाडं माझ्याकडेच असतात. अडचण लाकूड ठेवण्यात नाही, कापण्यात आहे. 1975 च्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यापासून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठलीही इजा करणं त्यात येतं. म्हणून करवत लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. कोणत्या फांद्या, किती, हे परवानगीच्या पत्रात नीट वाचा. झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर 2021 च्या दुरुस्तीनंतर ते हेरिटेज वृक्ष ठरतं, तेव्हा वयाचा अंदाज आधीच सांगा. जिवावर बेतेल असं झाड तातडीने कापावं लागलंच, तर 24 तासांत वृक्ष अधिकाऱ्यांना कळवायचं. आणि कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून एवढा गदारोळ झाल्यापासून शेजारचा माणूसही आधी मोबाईल काढतो, म्हणून परवानगीची प्रत वॉचमनकडे ठेवा.

आता 'फुकट'चं. वाळकी, धोकादायक काडी असते वर शेंड्याकडे. तिला बाजारात किंमत नाही. ठेकेदाराला हवी असते खालची मांडीएवढी जाड फांदी, जी बहुतेक वेळा ठणठणीत असते. लाकडावर कमाई करणाऱ्याच्या हाती करवत दिली की ती कुठे फिरणार हे उघड आहे. म्हणून मजुरी द्या, लाकूड आपलं ठेवा, आणि ओंडके किती लांबीचे हवेत हे आधीच ठरवा. नाहीतर तो सगळ्याचे दीड-दीड फुटांचे तुकडे करून ठेवतो. त्याचा बाक कसला होणार!

रेन ट्रीचं गाभ्याचं लाकूड तपकिरी, सुंदर रेषांचं असतं, बाकाला उत्तम. सालीलगतचा फिकट भाग मात्र भुंगेरा पोखरतो, तो काढून टाका. आंब्याचं लाकूड ओलं पडून राहिलं की काळंनिळं होतं, त्यामुळे फळ्या लवकर पाडून घ्या. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट फासा, कारण लाकूड टोकांतून सर्वात वेगाने वाळतं आणि तिथूनच तडकतं. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये एकसारख्या पट्ट्या घालून रचायच्या. इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं, म्हणजे दोन इंची बाक पुढच्या पावसाळ्यात तयार होणार नाही. गुलमोहर निघाला तर त्याच्या नादी लागू नका, ठिसूळ असतो.

फळ्या पाडायला परवानाधारक सॉ मिलच गाठा. ओंडके टेम्पोत भरण्याआधी त्या जातीला वाहतूक परवाना लागतो का, हे वनविभागात विचारून घ्या. साग, खैर आणि चंदनाच्या बाबतीत तर हयगय नकोच. (बंगल्याच्या आवारातला चंदन रात्रीतून चोरीला जातो, हे नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको.)

राहिला पाला आणि बारीक फांद्या. काडी लावायची नाही. उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये दंडाचा आदेश हरित लवादाने 2016 मध्ये दिला आहे, आणि होळीच्या नावाखाली तो टळत नाही. घंटागाडीत फांद्या मावत नाहीत, म्हणून त्या कशा उचलणार हे परवानगी घेतानाच विचारा. त्यापेक्षा तासाभराच्या भाड्याने श्रेडर मिळत असेल तर भुगा करून बागेत तीन-चार इंच आच्छादन पसरा. फक्त ताजा भुगा मातीत कालवू नका; तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. बुंध्यापासूनही चार बोटं लांब ठेवा, नाहीतर साल सडते.