एकाच झाडाचं शास्त्रीय नाव सारखं का बदलतं? वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत का होत नाही?

जुन्या पुस्तकात बाभूळ 'अ‍ॅकेशिया निलोटिका', नव्या पुस्तकात 'व्हॅचेलिया निलोटिका', मग परीक्षेत लिहायचं काय, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही नेमकी बाभूळच घेतलीत म्हणून लिहायला बसले. याच नावापायी माझा प्रबंध चार महिने अडला होता.

माझं काम काटेरी शेंगवर्गीय झाडांवर होतं. बाभूळ आणि खैर यांच्या डहाळ्या भिंगाखाली शेजारी ठेवून बघा. बाभळीचे काटे सरळ, लांब, पांढुरके, पेरावर जोडीने आलेले. ती खरं तर उपपर्णं आहेत, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी येणारी जोडी. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वाकलेले आणि पेराच्या किंचित खाली. बाभळीला पिवळे गोंडे येतात, खैराला फिकट लांबट तुरे. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक 'अ‍ॅकेशियां'ना असले काटेच नसतात आणि पानाचा देठच पसरट होऊन पानाचं काम करतो. हे सगळं एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात कोंबलेलं होतं; नावातला पहिला शब्द प्रजातीचा असतो. डीएनएचे पुरावे आल्यावर दिसलं की हे गट एकमेकांचे सख्खे नाहीतच. म्हणून ते वेगळे केले. इथवर फारसं कुणी भांडलं नाही.

भांडण पेटलं ते 'अ‍ॅकेशिया' हे नाव कुणाकडे राहणार यावरून. नियम असा की प्रजाती फुटली तर मूळ नाव टाइपबरोबर, म्हणजे ज्या एका जातीला ते नाव बांधलेलं असतं तिच्याबरोबर जातं, आणि टाइप होती आपली बाभूळच. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींना नवं नाव द्यावं लागणार होतं. ते टाळायला टाइपच बदलून ऑस्ट्रेलियातली जात घ्यावी, असा प्रस्ताव आला आणि नामकरणाच्या समितीने त्याची शिफारस केली. २००५ साली व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये (परिषदेत) मतदान झालं. ५४.९ टक्के मतं शिफारशीच्या विरोधात पडली, पण ती फेटाळायला ६० टक्के लागत होती. त्यामुळे प्रस्ताव मंजूर! २०११ साली मेलबर्नला पुन्हा वाद झाला आणि निर्णय तोच राहिला. बाभूळ 'व्हॅचेलिया' झाली, खैर 'सेनेगेलिया' झाला.

मी प्रबंधात नवी नावं घातली होती. बहिःस्थ परीक्षक म्हणाले, "बाभूळ म्हणजे अ‍ॅकेशिया. मतदानानं ठरलेलं विज्ञान मी मानत नाही." माझे मार्गदर्शक गप्प बसले. नावं बदलायला लावली त्याचंही मला एवढं काही वाटलं नसतं. पण परीक्षकांनी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, चाळीसेक शीटांवरची लेबलं काढून जुन्या नावाची नवी लेबलं चिकटवायला लावली. हर्बेरियममध्ये आधीचं लेबल कधीही काढत नाहीत. मत बदललं तर शेजारी चिठ्ठी लावायची, त्यावर नाव, सही, तारीख. एकेका शीटवर अशा चार-चार पिढ्यांच्या चिठ्ठ्या असतात आणि कुणाला कधी काय वाटलं ते तिथेच वाचता येतं. मी ओल्या कापसाने लेबलं सोडवत बसले होते. नाही म्हणायला हवं होतं.

व्हिएन्नाचा निर्णय मलाही पटलेला नाही. बहुमत विरोधात असताना मंजूर झालेली गोष्ट बोचणारच. पण त्या परीक्षकांना मी तेव्हाही हेच सांगितलं होतं की मतदान विज्ञानावर झालंच नव्हतं, एका शब्दावर झालं होतं. गट फोडायचा की नाही हे वर्गीकरण, ते मत आहे आणि त्यावर कुणीही भांडावं. फोडला तर नाव काय, हे नामकरण, तो नियम आहे. नियम आवडत नसेल तर पुढच्या काँग्रेसमध्ये प्रस्ताव मांडा, विद्यार्थ्यांचे गुण का कापता?

टोमॅटोचं बघा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तो 'सोलॅनम'मध्ये घातला, पुढच्याच वर्षी मिलरने 'लायकोपर्सिकॉन' वेगळं काढलं. दोन शतकं लोक मिलरचं नाव लिहीत होते, आता पुन्हा 'सोलॅनम' आलंय. वेगळं ठेवा असा नियम नव्हता, एकत्र करा असाही नाही. एकमत होत नाही ते यामुळेच, आणि होण्याची गरजही नाही. शेवंतीचं उलट झालं. नियमाने तिचं 'क्रिसॅन्थेमम' काढून घेतलं, तिला 'डेन्ड्रँथिमा' म्हणायला लागले, आणि शेवटी १९९९ साली टाइप बदलून जुनं नाव तिला परत दिलं.

तुम्ही परीक्षेत नवं नाव लिहा आणि पुढे 'पूर्वीचं नाव' म्हणून जुनं द्या. दोन्ही लिहिलेल्याला चूक म्हणणारा परीक्षक स्वतः चुकतोय. अर्थात अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जुनंच असेल तर आधी ते लिहा, गुण घालवून वाद घालू नका. आणि सगळ्याच जागतिक याद्या प्रत्येक नावावर सहमत नसतात, तेव्हा कुठली यादी पाळलीत तेही नोंदवा. 'निलोटिका' मात्र पक्कं पाठ करा. लिनियसने बाभळीला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं होतं, पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचं नाव, दोनदा बदललं, पण १७५३ सालचा हा शब्द आजही टिकून आहे.

गेल्या वर्षी मी जाऊन त्या शीटांवर 'व्हॅचेलिया निलोटिका'च्या चिठ्ठ्या लावून आले, खाली सही आणि तारीख. जबरदस्तीची लेबलं तशीच ठेवली. पण आधी लेबलं बदलतानाच्या घाईत दोन शीटांचे संकलन क्रमांक माझ्याकडून चुकीचे उतरले गेले होते. मूळ लेबलं फेकून दिलेली, त्यामुळे ती दोन झाडं मी कुठल्या फेरीत, कुठून घेतली होती, ते आता माझ्या वहीशी जुळत नाही.