सोलापुरात आमच्या शाळेतल्या बारा शिक्षकांना स्टेमचं (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) प्रशिक्षण द्यायचंय. सुरुवात कुठून करू? रोबोटिक्सचे किट आधी घ्यावेत का?

किटचं आधी सांगतो. नका घेऊ, निदान पहिलं वर्षभर तरी. मी इथंच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि बरीच वर्षं प्रशिक्षणांत सुलभक म्हणून जातो. एका शाळेत (नाव राहू द्या) किटचा खोका कपाटात, कपाटाची किल्ली ऑफिसात, आणि खोका बाहेर निघतो तो तपासणीच्या दिवशी. शिक्षकांचा आळस म्हणाल तर तसं नाही. एखादा पार्ट हरवला तर भरून कोण देणार, ही धास्ती.

पहिल्या दिवशी मी पीपीटी लावत नाही. प्रत्येकाच्या हातात एक सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा एक बल्ब आणि वीतभर वायर देतो. वायर एकच, होल्डर नाही. म्हणतो, "पेटवा."

पाच मिनिटं हॉलमध्ये हसणं-खिदळणं. मग शांतता. बीएस्सी, बीएड झालेली माणसं बल्ब उलटासुलटा करून बघत असतात. एकजण वायरची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना लावतो आणि ओरडतो, "ओ सर, चटका बसतोय की!" दुसऱ्या मॅडम म्हणतात, "बल्ब उडालेला दिलाय काय बघा." बल्ब चांगला असतो. तो पेटायला एक जोडणी बुडाच्या टोकाला लागते आणि दुसरी आट्यांच्या धातूला. बल्बचं बूड थेट सेलवर टेकवायचं आणि वायरने आटे सेलच्या दुसऱ्या टोकाशी जोडायचे, झालं. हे आपल्याला दिसलेलंच नसतं, कारण आपण आयुष्यभर होल्डरमधला बल्ब पाहिलाय आणि फळ्यावर बल्बची खूण म्हणून गोलात फुली काढलीय.

लगेच पुढचा प्रश्न टाकायचा: दोन सारखे बल्ब एकामागे एक जोडले तर जास्त उजेड कुणाचा? आधी वहीत लिहून घ्या, मगच जोडा. निम्मे तरी लिहितात, "पहिल्याचा, कारण तो करंट खातो." दोन्ही सारखेच पेटतात. सातवीतलं पोरही हेच चुकतं, आणि का चुकतं ते आता सरांना आतून कळलेलं असतं. प्रशिक्षणातला खरा ऐवज हा. सहकाऱ्यांसमोर चुकायची लाज इथं एकदा गेली की पुढचं सोपं. म्हणून त्या दिवशी मुख्याध्यापकांनाही खाली बसवा, त्यांच्याही हातात सेल द्या.

आता स्टेममधला ‘टी’ आणि ‘ई’, म्हणजे तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी. त्यासाठी पुण्या-मुंबईला कशाला बघायचं? सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या, मागावर बसवलेल्या यंत्रावर. पुठ्ठ्यात जिथं भोक, तिथं सुई आत जाते, हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो. भोक नाही, तर हूक बाजूला ढकलला जातो आणि धागा खालीच. आहे किंवा नाही, दोनच पर्याय. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास निघालेली ही युक्ती, पुढे कॉम्प्युटरची पंचकार्डंही (माहिती भरायची भोकांची कार्डं) याच वाटेने आली. शिक्षकांना चौकटीच्या कागदावर आठ बाय आठची नक्षी भरायला लावा आणि विचारा, एका ओळीतल्या आठ चौकटी किती प्रकारे भरता येतील? बरेच जण आठ दुणे सोळा म्हणून मोकळे होतात. उत्तर 256. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या शाळांत तर कुणा ना कुणाचे वडील मागावर असतातच. त्यांना अर्धा तास वर्गात बोलवा, तेलुगूत सांगितलं तरी चालेल, पोरं मराठी करून देतात.

गणित-भूगोलासाठी काठीची सावली पुरते. सोलापुरात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, 10-11 मेच्या सुमाराला आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग, असं आपलं नशीब! पण रोजची सावली मोजायला कोण अडवतंय? सगळे बाराच्या ठोक्याला मोजायला धावतात आणि सर्वांत आखूड सावली निघते साडेबाराच्या आसपास. कारण भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि आपण 76 च्या जवळ. अंशाला चार मिनिटं धरून शिक्षकांनाच हिशोब करू द्या, तयार आकडा देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर तीन दिवसांचं शिबिर एकदम उरकू नका. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण मिळावं असं म्हटलंय. ते तास महिन्यांत वाटून घ्या. शनिवारी दोन तास एकच कृती, पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने ती आपल्या वर्गात घ्यायची आणि एका सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसून पोरांचे प्रश्न टिपायचे. फक्त प्रश्न. सरांच्या चुका टिपायला लागलात की दुसऱ्या महिन्यापासून कुणी दार उघडणार नाही. पुढच्या शनिवारी त्या प्रश्नांवरच बोलायचं.

साहित्य नवी पेठेत बघा. सेल, वायर लगेच मिळेल, पण दुकानदार हमखास एलईडी पुढे करील. एका सेलवर पांढरा एलईडी पेटत नाही, मी एकदा तीस आणून फसलोय. फिलामेंटवालाच मागा, आणि पाच-सहा जास्तीचे घ्या.