सामाजिक करारावर कुणी सहीच केली नव्हती, तर तो मोडला म्हणून सरकार हटवण्याचा हक्क जनतेला कसा मिळतो? भारतात हा हक्क आज कसा वापरता येईल?

सामाजिक करार म्हणजे लोकांच्या संमतीतून राज्यसत्ता उभी राहते ही कल्पना, त्यामुळे सही कुणी केली हा मुद्दा गौण आहे. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या मते सार्वभौम सत्ताधीश करारातला पक्षकारच नसतो, म्हणून त्याच्याकडून करारभंग संभवत नाही. त्याच शतकातला दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ लॉक याच्या मते सत्ता ही विश्वासाने सोपवलेली ठेव असते आणि विश्वासघात झाला की ती लोकांकडे परत येते. मला लॉकचेच म्हणणे पटते.

मी राज्यशास्त्र शिकवत असताना बी.ए.च्या एका विद्यार्थ्याने याच प्रश्नावर अप्रतिम उत्तर लिहिले होते. इंग्लंडचा राजा जेम्स दुसरा फ्रान्सला पळून गेल्यावर जानेवारी १६८९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने, राजा व प्रजा यांच्यातला ‘मूळ करार’ मोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवून सिंहासन रिक्त असल्याचा ठराव केला, हे त्याने नोंदवले होते. सरकार विसर्जित झाले तरी समाज विसर्जित होत नाही, आणि लोक किरकोळ चुका सोसतात, पण एकाच हेतूने दीर्घकाळ चाललेले अन्याय सोसत नाहीत, हे लॉकचे दोन्ही मुद्दे त्याने स्वतःच्या शब्दांत मांडले होते. मी भरघोस गुण दिले. मॉडरेटरने (तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणाऱ्या परीक्षकाने) ते लाल शाईने खाली आणले आणि समासात ‘मुद्देसूद नाही’ असा शेरा मारला, कारण गाइडमधले मथळे त्यात नव्हते. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले, “निवडणुका होतात त्या देशात या हक्काला आता काय अर्थ उरला?”

हा युक्तिवाद मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. विधिमंडळ ठरलेल्या वेळी भरू न देणे आणि लोकांच्या संमतीविना निवडणुकीची रीत बदलणे, ही सरकार विसर्जित होण्याची कारणे म्हणून लॉकने स्पष्टपणे दिली आहेत. म्हणजे नेहमीचा मार्ग सत्ताधारीच बंद करतात, त्या वेळेसाठीच हा हक्क आहे. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ मध्ये, लोकसभेची मुदत वाढवली गेली आणि ४२व्या घटनादुरुस्तीने ती पाचाऐवजी सहा वर्षांची केली. १९७७ च्या मतदानाने ते सरकार गेले आणि ४४व्या दुरुस्तीने मुदत पूर्ववत झाली. निवडणूक कायमची गृहीत धरता येत नाही, हे त्या मॉडरेटरांनी स्वतःच्या हयातीत पाहिले होते.

आज भारतात मतदान आणि लोकसभेतला अविश्वास ठराव हेच मार्ग आहेत. खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूद नाही. सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही, हा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिलेला इशाराही मला पूर्णपणे मान्य आहे. शिवाय लॉकचा ग्रंथ १६८९ मध्ये प्रसिद्ध झाला असला, तरी त्याचा बराच भाग जेम्सला हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीपूर्वीच लिहिलेला होता, त्यामुळे त्याला केवळ त्या घटनेचे समर्थन समजू नये.

तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल, तर गाइडमधले मथळे बाजूला ठेवून १६८९ चा ठराव आणि लॉकने दिलेली कारणे लिहा, आणि त्यासाठी गुण कापले गेले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज अवश्य करा.