पाच वर्षांआधी काढलेला पीएफ आणि एकाच दिवशी लिहून घेतलेले राजीनामे

प्रश्न : मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत १ सप्टेंबर २०१९ ते ३० जून २०२३ होतो. त्याआधी रांजणगावला दोन वर्षं चार महिने. चाकणची लाइन कंपनीनं दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हा सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले. सप्टेंबर २०२३ मध्ये सायबर कॅफेवाल्यानं चाकणचा पीएफ काढून दिला, १ लाख ६३ हजार मिळाले. त्यानं फॉर्म १५जी भरला म्हणून टीडीएस कापला नाही. १ नोव्हेंबरपासून नवी नोकरी आहे. रिटर्नमध्ये पीएफ दाखवला नव्हता, आता प्राप्तिकर खात्याचा ईमेल आलाय. न्यू जर्सीचे मेव्हणे म्हणतात, मुदतीआधी पैसे काढले की १० टक्के दंड. माझी तर एकूण सहा वर्षं झालीत, मग दंड कसा?

उत्तर : मेव्हण्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यांच्या गावापुरतं. अमेरिकेत ४०१(के) खात्यातून साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढले, तर काही अपवाद सोडून नेहमीच्या करावर आणखी १० टक्के बसतात. आपल्या पीएफला असा दंड नाही. आपल्याकडे जे १० टक्के कानावर येतात तो कलम १९२ए खालचा टीडीएस. नोकरी पाच वर्षांहून कमी आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर कापतात. टीडीएस म्हणजे कराची उचल. खरा हिशेब रिटर्नमध्ये होतो, आणि तो कधी शून्यावर येतो, कधी १० टक्क्यांच्या वर जातो.

आता तुमची सहा वर्षं. तुम्ही पाठवलेली दोन्ही पासबुकं पाहिली. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच आहे, पण त्याखाली मेंबर आयडी, म्हणजे कंपनीगणिक वेगळी खाती, दोन. चाकणच्या पासबुकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुठंही ‘ट्रान्सफर इन’ अशी ओळ नाही, आणि रांजणगावचे पैसे अजून जागच्या जागी पडून आहेत. ‘यूएएन एकच म्हणजे सगळं एकच’ असं एचआरवाले सर्रास सांगतात. कायदा तसं म्हणत नाही. प्राप्तिकर कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला नियम ८ जुन्या मालकाकडची नोकरी पाच वर्षांत धरतो, पण जुन्या खात्यातली शिल्लक नव्या खात्यात वळती केली असेल तरच. काढलेल्या पैशांपुरती तुमची नोकरी तीन वर्षं दहा महिनेच. हा मुद्दा सोडून द्या, त्यात जीव नाही.

जीव आहे तो दुसऱ्या मुद्द्यात, आणि तो तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहून टाकलाय. त्याच नियमात पुढे म्हटलंय की पाच वर्षं भरली नसली तरी आजारपण, मालकाच्या धंद्याची कपात किंवा बंदी, अथवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरचं कारण, यामुळे नोकरी संपली असेल तर रक्कम करमुक्तच. लाइन हलवली, काम संपलं. हे त्यात बसतं. अडचण एवढीच की कागदावर तुम्ही ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा दिलाय, आणि पीएफच्या नोंदीत कारण पडलंय ‘सेसेशन – शॉर्ट सर्व्हिस’, म्हणजे थोड्या काळाची नोकरी सुटली एवढंच.

असे राजीनामे मी आजवर बरेच पाहिलेत. मजकूर तोच, शब्दलेखनाच्या चुकाही त्याच, फक्त खालची सही वेगळी. हीच तुमची बाजू. तुमच्यासोबतच्या सात-आठ जणांच्या राजीनाम्याच्या झेरॉक्स मिळवा. एकाच तारखेला, एकाच मजकुरात एवढ्या माणसांना वैयक्तिक कारण उद्भवत नाही. एचआरनं मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवला होता ना? तो मेसेज तारखेसकट जपून ठेवा, फोन बदलायच्या आधी. गेटवरच्या नोटिशीचा फोटो, फुल अँड फायनलच्या हिशेबात ‘एक्स ग्रेशिया’ (कंपनीनं स्वखुशीनं दिलेली रक्कम) किंवा भरपाईची ओळ असेल तर तो कागदही. कंपनी चालू आहे, तेव्हा लेटरहेडवर दोन ओळी मागा : चाकण युनिटमधलं उत्पादन बंद झाल्यानं अमुक तारखेला सेवा संपुष्टात आली. कंपन्या असं पत्र द्यायला कां-कूं करतात, कारण मग कामगार कायद्यातल्या भरपाईचा प्रश्न उभा राहतो. तरी लेखी मागाच. उत्तर आलं नाही तर न आलेलं उत्तरही कामाला येतं.

हे मान्य झालं नाही तर किती भरावं लागेल? हा व्यवहार २०२३-२४ चा, त्यामुळे १९६१ चाच कायदा लागतो. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. नियम ९ प्रमाणे तुमचा फंड मुळात मान्यताप्राप्त नव्हताच असं धरून दर वर्षाचा कर नव्याने मोजायचा. तुमच्या हिश्शाचे ९९,३६० रुपये कलम ८०सी खाली (बचतीवरची वजावट) उत्पन्नातून वजा झाले होते, ती वजावट उलटते. (पगार वाढला तो सगळा भत्त्यांत, बेसिक १८ हजारांवर जिथल्या तिथं. म्हणून आकडा एवढा लहान.) २०१९-२० ते २०२१-२२ ही वर्षं सुटतात, कारण ही वजावट रद्द धरली तरी उत्पन्न पाच लाखांच्या आत राहतं आणि कलम ८७ए ची, लहान उत्पन्नावरचा कर माफ करणारी सूट मिळते. २०२२-२३ मात्र नेमकं काठावर आहे. फॉर्म १६ मध्ये पगार ५,६४,०००. प्रमाणित वजावट ५० हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार जाऊन उरतात ५,११,५००. त्यातून पीएफचे २५,९२० गेले म्हणून तुम्ही पाच लाखांखाली आलात आणि कर शून्य झाला. ते परत धरले की सूट जाते आणि सेससकट १५,३९२ रुपये उभे राहतात. पंचवीस हजारांच्या वजावटीपायी पंधरा हजारांचा कर! कंपनीचा हिस्सा ४१,८६० आणि सगळं व्याज २१,७८० हे रक्कम मिळाली त्या वर्षाच्या उत्पन्नात जातं. त्या वर्षी नव्या करपद्धतीत तुम्ही सात लाखांच्या बरेच आत आहात, तिथं काही लागत नाही.

म्हणजे भांडण १५,३९२ रुपये आणि त्यावरच्या व्याजाचं आहे.

१५जी बद्दल घाबरलात ते थोडं रास्त आहे. तो फॉर्म म्हणजे ‘यंदा माझ्यावर कर लागणार नाही’ असं प्रतिज्ञापन. खोटं दिलं तर कलम २७७ खाली तीन महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे. पण तो वर्षाचा अंदाज असतो, आणि सही केली त्या दिवशीचा अंदाज पाहायचा. सप्टेंबरमध्ये तुम्ही घरी बसला होता. एप्रिल ते जूनचा पगार १,४१,००० आणि करपात्र ठरला असता तो पीएफचा भाग धरूनही आकडा तीन लाखांच्या आत होता. नोव्हेंबरची नोकरी तेव्हा स्वप्नातही नव्हती. फक्त कॅफेवाल्याकडून फॉर्मची प्रत घ्या आणि अंदाजित एकूण उत्पन्नाच्या रकान्यात त्यानं काय टाकलंय ते बघा. तीन महिन्यांचा पगार गाळून नुसता पीएफ टाकला असेल, तर मला कळवा, ते वेगळं हाताळावं लागेल.

ईमेलचं काय करायचं : आधी पोर्टलवर लॉगिन करून ती नुसती सूचना आहे की कलम १४८ए ची (जुन्या वर्षाचं प्रकरण पुन्हा उघडण्याआधीची) नोटीस, ते पाहा. नोटीस असेल तर तिच्यातली मुदत पाळायची आणि वकिलाशिवाय उत्तर द्यायचं नाही. नुसती सूचना असेल तर एआयएसमध्ये (खात्याकडची तुमच्या उत्पन्नाची यादी, पोर्टलवरच दिसते) पीएफच्या नोंदीसमोर ‘उत्पन्न करपात्र नाही’ हा पर्याय निवडा. कागद मात्र त्याआधी हातात हवेत, नंतर शोधायचे नाहीत. ते जमलेच नाहीत तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. ३१ मार्च २०२६ पर्यंत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, त्यानंतरच्या वर्षात ५० टक्के. तेव्हा आयटीआर-१ चालणार नाही. कलम १११ खाली वर्षनिहाय आकडे टाकायचा रकाना आयटीआर-२ मध्ये आहे. तुमच्या जागी मी असतो तर कर न भरता सूट मागितली असती.

रांजणगावच्या खात्याला हात लावू नका. कॅफेवाला ‘तेही काढून देतो’ म्हणेल. ऑनलाइन फॉर्म १३ (पीएफ ट्रान्सफरचा अर्ज) भरून ते सध्याच्या कंपनीच्या खात्यात वळतं करा. दोन वर्षं चार महिने तिकडची आणि नोव्हेंबर २०२३ पासूनची इकडची मिळून २०२६ च्या जूनअखेर पाच वर्षं होतात. चाकणची मधली वर्षं त्यात धरू नका, ती पैशांबरोबर गेली. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात ‘ट्रान्सफर इन’ ची ओळ उमटली का, हे स्वतः उघडून बघा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट राजीनाम्याच्या झेरॉक्सशेजारीच ठेवा.