बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर सांगलीकडे साखर कारखान्यात लॅब केमिस्टचं काम कसं असतं?

काम चांगलं आहे, पण तीन पाळ्यांचं आहे, हे आधी घरी सांगून ठेवा. हंगामात गाळप रात्रंदिवस चालतं, त्यामुळे लॅबही बंद होत नाही.

ठरलेल्या वेळी पहिल्या मिलचा रस, मिश्र रस, सिरप (आटवलेला रस), मळी, बगॅस (रस काढल्यावर उरलेलं चिपाड) असे नमुने येतात. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ, पोल म्हणजे पोलरिमीटरवर दिसणारी साखर. मिश्र रसाचा ब्रिक्स 15 आणि पोल 12.3 आला, तर शुद्धता, म्हणजे ब्रिक्समध्ये पोल किती टक्के, 82. बगॅसचा पोल दोन टक्क्यांच्या बराच वर गेला की समजायचं, साखर चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जळतेय. मग लगेच मिलवाल्यांना फोन! निवळलेल्या रसाचा पीएच 7 च्या आसपास राहिला पाहिजे. तो खाली घसरला तर तापलेल्या रसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि ती परत मिळत नाही. उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर मिळाली, तो याच आकड्यांवर ठरतो आणि उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणून अंदाजाने आकडा भरायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

सुरुवातीला नेमणूक बहुधा हंगामी असते. कायम कधी करणार, बिगरहंगामात रिटेन्शन (काम नसतानाच्या काळात मिळणारा पगाराचा काही भाग) मिळणार का, हे मुलाखतीतच विचारा. पुढे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट व्हायचं असेल तर नुसती बी.एस्सी. कमी पडते, पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत, ते जरूर बघा.